‘मॅड’ मासिकाची माणसं: कुणाकडे जुने अंक आहेत का?

कागदवेडा

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर ‘मॅड’ या अमेरिकन विनोदी मासिकाचे चार जुने अंक हाती लागले. सगळे सत्तरच्या दशकातले, कडा पिवळ्या पडलेल्या, एकाचं मुखपृष्ठ सुटं. घरी आणून चाळतो तर प्रत्येक अंकाच्या मागच्या आतल्या पानाला दोन-दोन उभ्या घड्या. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी ते पान दुमडून वर नख फिरवलंय. घडीवरची शाई उडून खालचा पांढरा कागद दिसतोय. बायंडरला दाखवले तर तो म्हणाला, दाबून घड्या काढून देतो. काढून घ्याव्यात का, हा पहिला प्रश्न. पण त्या निमित्ताने या मासिकाबद्दल मनात साठलेलं सगळं लिहावंसं वाटतंय.

‘मॅड’ म्हटलं की तो कान बाहेर आलेला, समोरचा एक दात नसलेला, हसरा पोरगा आठवतो. आल्फ्रेड ई. न्यूमन. हा चेहरा मासिकाने घडवलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत जाहिरातींवर, पोस्टकार्डांवर तो फिरतच होता. नॉर्मन मिंगो या साठीच्या घरातल्या चित्रकाराने तो नीट रंगवला आणि डिसेंबर १९५६ च्या ३० व्या अंकावर तो झळकला. तेव्हापासून मासिकाची ओळख तोच. मला मात्र त्या चेहऱ्यामागे राबणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय.

१९५२ साल, न्यूयॉर्कची लाफायेट स्ट्रीट. ईसी कॉमिक्स नावाची छोटी कंपनी. मालक विल्यम गेन्स. तिथे हार्वी कर्ट्झमन युद्धकथांची कॉमिक्स करायचा. बंदूक कुठली, गणवेश कुठला, सगळं खोदून खोदून तपासायचा. साहजिकच कामाला वेळ लागायचा आणि हातात पैसे कमी पडायचे. त्याची मिळकत वाढावी म्हणून गेन्सने त्याला एक विनोदी कॉमिकही काढायला सांगितलं. दहा सेंट किमतीचं, रंगीत. तेच ‘मॅड’. कर्ट्झमन लिहायचा, पानांची मांडणीही स्वतः आखून द्यायचा आणि विल एल्डर, वॉली वुड, जॅक डेव्हिस, जॉन सेव्हरिन चित्रं काढायचे. एल्डर चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात भलत्याच पाट्या, भलतीच माणसं भरून ठेवायचा. त्या भरण्याला तो ‘चिकन फॅट’ म्हणायचा: रश्शावरची चरबी, पोटाला वाईट, पण चव तीच आणते.

१९५४ साली अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध मोठी ओरड झाली. सिनेटच्या उपसमितीपुढे गेन्सची साक्ष झाली, भयकथेच्या एका मुखपृष्ठावरच्या कापलेल्या मुंडक्यावरून त्याला सर्वांदेखत फैलावर घेतलं गेलं. त्यानंतर प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि ईसीची बाकीची कॉमिक्स एकामागोमाग एक बंद पडली. ‘मॅड’ तेवढं तगलं. जुलै १९५५ च्या २४ व्या अंकापासून ते पंचवीस सेंटचं कृष्णधवल मासिक झालं आणि मासिकाला ती आचारसंहिता लागू नव्हती. पुष्कळ जण सांगतात की सेन्सॉर चुकवण्यासाठीच हा बदल केला. तसं नाही. कर्ट्झमनला दुसऱ्या एका मासिकाकडून बोलावणं आलं होतं आणि त्याने जाऊ नये म्हणून गेन्सने त्याचा हा जुना हट्ट पुरवला. तरी १९५६ मध्ये मालकीच्या हिश्श्यावरून तो गेलाच. मग अल फेल्डस्टाईन आला आणि तब्बल १९८५ पर्यंत संपादक राहिला. १९५७ पासून २००१ पर्यंत या मासिकाने बाहेरची एकही जाहिरात घेतली नाही. ज्यांची खिल्ली उडवायची त्यांचे पैसे घ्यायचे नाहीत, हा हिशोब. सत्तरीच्या सुरुवातीला खप वीस लाखांच्या वर होता, तेव्हासुद्धा हा नेम मोडला नाही. मला याचा फार आदर वाटतो.

आता त्या घडीबद्दल. ती घडी अल जाफीची. जन्म १९२१, जॉर्जिया राज्यातलं सव्हाना. सहा वर्षांचा असताना आई पोरांना घेऊन आपल्या माहेरी, लिथुआनियातल्या झरासायला गेली. वडील अमेरिकेतच. ते रविवारच्या वर्तमानपत्रांतली चित्रमालिकांची पानं गोळा करून पोस्टाने पाठवायचे. त्या गावात बसून या पोराने त्या गुंडाळ्या वाचल्या. १९३३ मध्ये वडिलांनी त्याला परत आणलं. आई तिथेच राहिली, ती त्याला पुन्हा कधी दिसली नाही. न्यूयॉर्कला संगीत-कलेची सरकारी शाळा नव्याने निघाली, तिच्या पहिल्याच तुकडीत जाफी आणि एल्डर शेजारी शेजारी बसायचे.

१९६४ मध्ये त्याला एक कल्पना सुचली. बड्या मासिकांत तेव्हा गुळगुळीत रंगीत घडीची पानं उघडायची चाल होती. त्याने उलट केलं. साधं कृष्णधवल पान, आत दुमडायचं. उजवी बाजू डावीकडे आणायची, मग तीच पुन्हा मागे दुमडायची, म्हणजे ‘ए’ची खूण ‘बी’ला भिडते. मधला भाग लपतो आणि राहिलेल्या दोन कडांमधून दुसरंच चित्र तयार होतं. खालचा मजकूरही दुमडतो आणि त्याचं उत्तर बनतं. जाफीला वाटलं होतं, वाचक मासिक चुरगाळणार म्हणून मालक नको म्हणेल. गेन्सने विचार केला, पोरं एक अंक दुमडतील आणि जपून ठेवायला दुसरा विकत घेतील.

चित्र काढताना जाफी आधी उत्तर काढायचा. मग ते मधोमध तोडून दोन्ही अर्धे लांब सरकवायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत असं काही भरायचं की दोन तुकडे एकमेकांचे आहेत अशी शंकाही येऊ नये. मूळ चित्र जाड बोर्डवर, ते दुमडणार कसं? त्यामुळे आपलंच चित्र दुमडून कसं दिसतं हे त्याला छापील अंक हातात आल्यावरच बघायला मिळायचं. २०२० मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी तो निवृत्त झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये गेला, १०२ वर्षांचा होऊन.

तुमच्यापैकी कुणी लहानपणी वाचलंय का? आठवणी लिहा.

निळी_शाई

धाग्याबद्दल मनापासून आभार! वाचनखूण साठवली.

घडीवरून लगेच आपल्या ‘आवाज’ दिवाळी अंकाच्या खिडक्या आठवल्या. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये ‘आवाज’ सुरू केला, म्हणजे ‘मॅड’च्या एकच वर्ष आधी. पानाला चौकोनी खिडकी कापलेली असायची, त्यातून पुढच्या पानावरचा तुकडा दिसायचा आणि मनात नको ते यायचं. पान उलटलं की अगदी सोवळं चित्र. तिथेही चित्रकाराला आधी लपवायचं काय ते ठरवून मग भोवतीचं रचावं लागत असणार. हात लावल्याशिवाय हा विनोद पुरा होत नाही, वाचकाचं बोट लागतंच. आमच्या आजोबांकडच्या ‘आवाज’मध्ये खिडक्यांच्या कडा बोटं लागून लागून मऊ झालेल्या आहेत.

घड्या काढू नका असं माझं मत.

तारमास्तरांची_लेक

माझ्याकडे एक आठवण आहे, ती लिहायलाच हवी.

आमचे बाबा पोस्ट अँड टेलिग्राफमध्ये होते. आम्ही मिरजेला असताना माझ्या मामेभावाने मुंबईहून ‘मॅड’चा एक अंक आणला होता. त्यात ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ होतं. लांब चोचीसारख्या नाकाचे दोन हेर, एक काळा, एक पांढरा, एकमेकांना उडवायला टपलेले. एक शब्द नाही. पण शीर्षकाखाली ठिपके आणि रेघा होत्या. आम्हाला वाटलं, नक्षी असेल.

बाबांनी चष्मा लावला, अंक जवळ घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बोटाने कडकट्ट, कडकट्ट सुरू केलं. मग म्हणाले, “बाय प्रोहियास. नाव लिहिलंय त्याने.” आम्ही सगळे गप्प. त्यांनी आम्हाला पुन्हा एकदा, हळू वाजवून दाखवलं. पहिलं अक्षर बी: एक लांब, तीन आखूड. त्या दिवसापासून माझ्या भावाला तारेची मोर्स लिपी शिकायचं वेड लागलं.

पुढे मी त्या नावाचा शोध घेतला. अँटोनियो प्रोहियास, क्यूबाचा, तिथल्या व्यंगचित्रकारांत अग्रगण्य. कास्ट्रोची सत्ता आल्यावर त्याने त्याच्यावरही चित्रं काढली, मग तो अमेरिकेचा हेर असल्याचा बोभाटा झाला. १९६० मध्ये तो न्यूयॉर्कला आला. दिवसा कारखान्यात मजुरी. इंग्रजीचा गंध नाही. लेकीला, मार्ताला, दुभाषी म्हणून बरोबर घेऊन तो ‘मॅड’च्या कचेरीत गेला आणि तीन चित्रमालिका विकून बाहेर आला. जानेवारी १९६१ च्या ६० व्या अंकात पहिली छापली गेली. ज्याला हेर म्हणून देश सोडावा लागला, त्याने पुढली पंचवीस वर्षं हेरांवरच पोट भरलं. १९९८ मध्ये मायामीत वारला.

२०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तार बंद झाली तेव्हा बाबा हयात होते. त्या रात्री मला हीच आठवण आली होती. कागदवेडा, तुमच्या चार अंकांत ‘स्पाय व्हर्सेस स्पाय’ असणारच. त्या शीर्षकाच्या चौकटीचा फोटो मला पाठवाल का?

कागदवेडा

ताई, नक्की पाठवतो. चारही अंकांत आहे. आज पुन्हा भिंग घेऊन बसलो. मी ती ओळ इतके दिवस नुसती बघत होतो, वाचत नव्हतो.

प्रोहियासवरून सर्जिओ अरागोनेस आठवला. जन्म १९३७, स्पेन. यादवी युद्धातून आई-वडील फ्रान्सला पळाले, तिथून मेक्सिको. १९६२ मध्ये तो वीस डॉलर घेऊन न्यूयॉर्कला आला. ‘मॅड’मध्ये कुणीतरी स्पॅनिश बोलणारा आहे एवढं ठाऊक, म्हणून जाऊन प्रोहियासला विचारलं, आता हाच मला दुभाषी होईल. प्रोहियासचं इंग्रजी त्याच्याहून कच्चं निघालं! तरी त्याने या मुलाला मिठी मारून सगळ्यांना ओळख करून दिली. अरागोनेसची चित्रं पानांच्या समासात, दोन लेखांमधल्या फटीत असतात, नखाएवढी, बिनशब्दांची. संपादकांना वाटलं, चार-दोन अंकांत याच्या कल्पना संपतील. १९६३ मध्ये सुरू झालेलं ते काम पुढे अनेक दशकं चाललं. माझ्या एका अंकात समासातला एक माणूस शिडी घेऊन पानाच्या आकड्यावर चढतोय. तो मला चौथ्यांदा अंक चाळताना दिसला.

कोड_आणि_कांदेपोहे

यात आमच्या धंद्यातलं एक नाव राहिलं. डोनाल्ड क्नुथ! संगणकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला हे नाव वंदनीय. त्यांचं पहिलं छापील लेखन कुठल्या विज्ञानपत्रिकेत नाही, ‘मॅड’च्या जून १९५७ च्या ३३ व्या अंकात आलं. वजन-मापांची नवी पद्धत. लांबीचं मूळ एकक ‘पोत्रझेबी’, म्हणजे ‘मॅड’च्या २६ व्या अंकाची जाडी: २.२६३३४८४५१७४३८१७३२१६४७३ मिलिमीटर. दशांश चिन्हापुढे बावीस आकडे. हा शब्द पोलिश, कर्ट्झमनला औषधाच्या कागदावर सापडलेला, मासिकात कुठेही घुसडला जायचा. क्नुथनी ही पद्धत शाळेत असतानाच विज्ञान प्रकल्प म्हणून बसवली होती. मासिकाने पंचवीस डॉलर दिले आणि चित्रं वॉली वुडची.

एकोणीस वर्षांच्या मुलाची इतकी चोख, इतकी बारीक थट्टा छापणारे संपादक होते, याचं मला फार कौतुक वाटतं. ते आकडे कुणी गोल केले नाहीत.

रेघ_हीच_रोजी

सगळे प्रतिसाद आवडले. पण एक बाजू कुणी मांडलेली नाही, ती मांडते.

मी गेली बावीस वर्षं पाठ्यपुस्तकांची आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. एका प्रकाशनाला २००९ मध्ये एका पुस्तकासाठी चित्रं दिली, एकरकमी पैसे घेऊन. तीच चित्रं पुढे त्यांच्या कॅलेंडरवर, वह्यांवर, दप्तरांवर आली. विचारायला गेले तर कागद पुढे केला, सही माझीच होती. म्हणून गेन्सचं कौतुक वाचताना माझ्या पोटात तुटतं.

गेन्स दर चांगला द्यायचा आणि काम पसंत पडलं की तिथल्या तिथे चेक द्यायचा, हे खरं. पण सगळे हक्क कंपनीचे. तीच पानं पुढे खिशात मावणाऱ्या पुस्तकांतून, विशेषांकांतून पुन्हा पुन्हा छापली जायची, त्यावर चित्रकाराचा हक्क नाही. डॉन मार्टिनचं उदाहरण घ्या. १९५६ पासूनचा चित्रकार. त्याची ती लांब हनुवटीची माणसं, बिजागरीतून वाकल्यासारखे पाय आणि ते आवाज: आपटल्याचे, चिकटल्याचे, फुटल्याचे, प्रत्येकाला त्याने वेगळं स्पेलिंग घडवलेलं. डोळ्यांच्या दुखण्याने जन्मभर हैराण असूनही तो काढत राहिला. तीसेक वर्षांनी हक्कांवरूनच बिनसलं आणि तो प्रतिस्पर्धी ‘क्रॅक्ड’ मासिकाकडे गेला. पुढे चित्रकारांच्या हक्कांसाठी उघडपणे बोलत राहिला. २००० मध्ये गेला.

ज्या मासिकाने प्रत्येक कंपनीची लबाडी मुलांना दाखवून दिली, त्याने आपल्या घरातला करार कधी तपासला नाही.

कागदवेडा

रेघताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते मान्य आहे आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं.

तरी गेन्सची एक गोष्ट सांगतो, बचाव म्हणून नाही. १९६० मध्ये त्याने सगळ्या चमूला स्वखर्चाने हैतीला नेलं. त्या देशात ‘मॅड’चा एकच वर्गणीदार होता आणि त्याने वर्गणी चालू ठेवली नव्हती. जीपमध्ये बसून सगळे त्याच्या दारात गेले आणि गेन्सने त्याला वर्गणी भेट दिली. पुढे अशा सहली नेमाने निघाल्या. या माणसाचा जीव आपल्या लोकांवर होता, असं मला वाटतं.

रेघ_हीच_रोजी

जीव असेल हो. मला सहल नको, पुनर्मुद्रणाचे पैसे हवेत. मार्टिनलाही तेच हवं होतं.

निळी_शाई

रेघताईंना +१.

मात्रावृत्त

हक्कांचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या बाजूचा खटलाही नोंदवतो, कारण तो विडंबन लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

१९६१ मध्ये ‘मॅड’ने एका विशेषांकात लोकप्रिय गाण्यांची विडंबनं छापली. शब्द नवे, सुरावट छापलेलीच नाही, फक्त वर लिहिलेलं की अमुक चालीवर म्हणा. बरीचशी फ्रँक जेकब्ज आणि लॅरी सीगल यांची. त्यावर संगीतकार आयर्विंग बर्लिन यांच्यासह संगीत प्रकाशकांनी दावा ठोकला. पंचवीस गाण्यांचा प्रश्न होता. तेवीस गाण्यांबाबत निकाल ‘मॅड’च्या बाजूने लागला आणि १९६४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. न्यायमूर्ती आयर्विंग कॉफमन यांनी म्हटलं की बर्लिन यांच्यासारख्या थोर संगीतकारालासुद्धा आयंबिक पेंटामीटरवर मालकी सांगू द्यावी असं वाटत नाही. म्हणजे वृत्त कुणाच्या बापाचं नाही!

आपल्याकडे केशवकुमारांनी १९२० च्या दशकात समकालीन कवींची शैली उचलून विडंबनं केली, तेव्हा मूळ कविता वाचकाच्या कानात घोळत असते हेच तर त्यांचं भांडवल होतं. विडंबनाला मूळ रचना आठवून द्यावीच लागते. तेवढं उचलायची मोकळीक कॉफमननी मान्य केली. रेघताईंचा मुद्दा वेगळा आहे आणि बरोबर आहे: चाल घेणं वेगळं, आख्खं चित्र दहादा विकणं वेगळं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. २०२४ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजला, नॉर्मन रॉकवेल संग्रहालयात ‘मॅड’चं मोठं प्रदर्शन होतं. मुलीला घेऊन गेलो होतो. छापील पानावर ‘मॅड’चा चित्रकार मोर्ट ड्रकर याच्या सिनेमाच्या विडंबनांत एकेका चौकटीत वीस-वीस चेहरे असतात, ते सगळे ओळखू येतात. मूळ चित्र त्याहून मोठं, आणि जवळून पाहिलं की रेघ कुठे जाड होते, कुठे केसासारखी बारीक, ते कळतं. चेहरा हुबेहूब असूनही थट्टा. माझी मुलगी त्यातला एकही नट ओळखत नव्हती, पण प्रत्येक माणूस काय विचार करतोय ते मला सांगत होती.

‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या विडंबनाची गोष्ट इथे प्रसिद्ध आहे. चित्रपट कंपनीच्या वकिलांनी धमकीचं पत्र पाठवलं. तोवर खुद्द त्या मालिकेचा कर्ता जॉर्ज लुकस याचं कौतुकाचं पत्र येऊन पोचलं होतं, मूळ चित्रं विकत मिळतील का असं विचारणारं. ‘मॅड’ने त्याचीच प्रत वकिलांना पाठवली.

ड्रकर २०२० मध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षी मासिक स्टॉलवरून गेलं होतं. आता अंकांत बहुतेक जुनंच साहित्य पुन्हा येतं आणि ते कॉमिक्सच्या दुकानांत किंवा वर्गणीदारांना मिळतं.

निळी_शाई

या धाग्यामुळे दोन रात्री देवनागरीत घडीचं पान करून बघतेय. चित्र जमतं, ओळ जमत नाही. रोमन अक्षरं सुटी असतात, कुठेही तोडा. आपल्याकडे घडी जोडाक्षरातून गेली की दोन्ही अर्धे निकामी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो, ती एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे गेलं की संपलंच. पण एक फायदा सापडला: शिरोरेषा. दोन कडा भिडल्या की वरची रेघ आपोआप सांधते आणि जोड दिसतच नाही. आत्तापर्यंत जमलेली ओळ ही:

पाटावर बसलेली शहाणी

मधलं सगळं घडीत लपवा. उरतं: पाणी.

चित्रात पाटावर बसलेली मुलगी, दुमडल्यावर नळाखाली हंडा. भाचीला दाखवलं, तिने लगेच माझ्या हातातून कागद घेऊन तीनदा दुमडला.

तारमास्तरांची_लेक

वा! अगदी सुरेख. हे चित्र इथे डकवा ना.

कागदवेडा

निळी_शाई, शिरोरेषेची गोष्ट फार आवडली. पूर्ण झालं की नक्की टाका.

ताई, चारही शीर्षकांचे फोटो पाठवलेत. एकात शाई जरा पसरली आहे, पण ठिपके मोजता येतात.

घड्यांचं: बायंडरला नाही म्हणून सांगितलं. सुटं मुखपृष्ठ तेवढं चिकटवून घेतो, बाकी मध्ये बटर पेपर घालून आडवे ठेवले आहेत. काल मुलाबरोबर बसून चारही पानं जुन्याच घड्यांवर दुमडून पाहिली. एका पानावर दोनऐवजी तीन घड्या आहेत हे त्याच्या लक्षात आलं. ज्याने कुणी तो अंक घेतला होता, त्याची पहिली घडी बोटभर चुकली होती, ‘ए’ ‘बी’ला भिडत नव्हता. मग त्याने ती उलगडून दुसरी घातली. चुकलेल्या घडीवर नख फिरवलेलं नाही.